ड्रायर बदलला, फिल्टर बदलले, तरी लाईनला पाणी येतंच आहे. कंडेन्सेट (दाबलेली हवा गार झाली की पडणारं पाणी) अडतंय कुठे?

यंत्रघर
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली म्हणून धागा काढतोय. आमच्याकडे एक ऑइल-इंजेक्टेड स्क्रू कॉम्प्रेसर आहे. मिनिटाला १० घनमीटर, ७ बार, आफ्टरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारा) आणि पाण्याचा सेपरेटर मशीनमध्येच. पुढे १००० लिटरचा उभा रिसीव्हर (हवा साठवायची टाकी), मग रेफ्रिजरेशन ड्रायर, मग दोन फिल्टर आणि तिथून शॉपमध्ये दोन लाईनी.

सहा महिने झाले, पॅकिंगच्या मशीनवर पाणी येतंय. एफआरएलची (मशीनच्या तोंडाशी असलेल्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरची) वाटी सकाळी रिकामी केली की दुपारपर्यंत भरते. सोलेनॉइड व्हॉल्व्ह चिकटतात, सिलिंडर रखडत चालतात, एअर गन दाबली की आधी पिचकारी आणि मग हवा. आधी फिल्टरची एलिमेंटं बदलली. फरक शून्य. मग वरच्या साइजचा नवा ड्रायर बसवला. चार दिवस लाईन खडखडीत कोरडी, आम्ही खूश. पाचव्या दिवसापासून येरे माझ्या मागल्या.

ड्रायरच्या डिस्प्लेवर ३ अंश दिसतंय. सर्व्हिसवाले येऊन गेले, म्हणाले ड्रायर ठणठणीत आहे. मग पाणी कुठून येतंय?

शिफ्ट_बी
ड्रायरमध्ये शिरणारी हवा किती गरम आहे ते बघितलंत का? ड्रायरची क्षमता आयएसओ ७१८३ नुसार ३५ अंशांची हवा आणि भोवतालचे २५ अंश धरून लिहितात. आफ्टरकूलरला धूळ बसली आणि हवा ४५ नी आली, तर त्याच आकारमानाच्या हवेत पाण्याची वाफ दीडपटीहून जास्त. ३५ ला संपृक्त, म्हणजे आणखी वाफ न मावणाऱ्या, हवेत घनमीटरला साधारण ४० ग्रॅम असते, ४५ ला ६५. साइज मोठी घेऊनही मग पुरत नाही.

यंत्रघर
बघितलं. इनलेट ३८ ते ४० च्या मध्ये असतं. कूलर गेल्याच महिन्यात धुतलाय.

जुना_फिटर
यंत्रघर साहेब, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. चार दिवस कोरडी आणि पाचव्या दिवशी ओली. ड्रायर चार दिवसांत म्हातारा होत नाही. मग चार दिवसांत बिघडणारी वस्तू कोणती? ड्रायरचा ड्रेन, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. नव्या ड्रायरबरोबर नवा कोरा ड्रेन आला, तो चार दिवस चालला आणि मग बसला.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं झालंय हे. आता एवढं सांगा. पाणी काढायच्या जागा किती आहेत, प्रत्येक जागी ड्रेन कुठल्या जातीचा आहे, आणि टाकीपासून ड्रेनपर्यंतचा पाईप कसा गेलाय. वर चढतो का, खाली लोंबतो का, सगळं लिहा. ड्रायरच्या आधी फिल्टर आहे का तेही सांगा, कारण तुमच्या यादीत मला तो दिसला नाही.

यंत्रघर
काका, बरोबर पकडलंत. ड्रायरच्या आधी फिल्टर होता. नव्या ड्रायरची तोंडं वेगळ्या उंचीवर आली, पाईपिंग जुळेना, म्हणून तो काढून ठेवला. "नंतर बसवू" म्हणाले होते.

ड्रेन असे आहेत:
सेपरेटरचा आणि रिसीव्हरचा पाईप टी (तीन तोंडांचा जोड) मारून एकत्र केलाय आणि एकाच टायमर ड्रेनला दिलाय. दर १० मिनिटांनी ५ सेकंद. तो बिचारा इमानदारीत थुंकतो, पाणी येतं, मी स्वतः बघितलंय. म्हणून त्या बाजूची काळजी कधी केली नाही.
ड्रायरला आतला फ्लोट ड्रेन (पाणी वाढलं की तरंगणारा फ्लोट वर येऊन उघडतो तो). मागच्या दोन्ही फिल्टरनाही फ्लोट.
लाईनच्या टोकांना काही नाही.

दाबमापक
पाणी किती येतंय याचा अंदाज नसला की ड्रेन ही किरकोळ गोष्ट वाटते. म्हणून आधी हिशोब करू.

मिनिटाला १० म्हणजे तासाला ६०० घनमीटर हवा आत ओढली जाते. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरा. ३० अंशांना संपृक्त हवेत घनमीटरला ३०.४ ग्रॅम पाणी असतं, त्याचे ७० टक्के म्हणजे २१.३ ग्रॅम. तासाला आत गेलं सुमारे १२.८ लिटर पाणी.

७ बार गेज म्हणजे, बाहेरच्या हवेचा १ बार धरून, निरपेक्ष ८ बार. तीच हवा आकारमानानं आठवा हिस्सा होते, तासाला साधारण ७५ घनमीटर. आफ्टरकूलरमधून ती ४० अंशांना बाहेर पडली तर घनमीटरला ५१ ग्रॅमच वाफ धरून ठेवू शकते. तापमानाची थोडी दुरुस्ती धरून तासाला जेमतेम ४ लिटर. बाकीचे ८.८ लिटर सेपरेटर आणि रिसीव्हरमध्ये पाणी होऊन पडणार. ड्रायर हवा ३ अंशांपर्यंत नेतो. तिथे घनमीटरला ६ ग्रॅमसुद्धा मावत नाहीत, म्हणजे तासाला ०.४ लिटर. ड्रायरमध्ये पडलं ३.६ लिटर.

चोवीस तास चाललं तर ड्रायरच्या आधी २१० लिटर आणि ड्रायरमध्ये ८५ लिटर. एकट्या ड्रायरचा ड्रेन बंद पडला तरी रोज चार बादल्या पाणी लाईनीत जातं. तुमच्या एफआरएलच्या वाट्या भरतात यात नवल नाही. मशीन अजून चालतंय याचं नवल.

नवखा_ऑपरेटर
प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. ड्रायरच्या डिस्प्लेवर ३ अंश दिसतंय म्हणजे दवबिंदू ३ अंश ना? मग लाईन ३ अंशांखाली गेल्याशिवाय पाणी पडायलाच नको. शॉपमध्ये तर ३२ अंश असतं.

जुना_फिटर
बाळबोध अजिबात नाही. भले भले इथेच फसतात.

ड्रायर पाणी गायब करत नाही. तो हवा गार करतो, वाफेचे थेंब होतात, थेंब खाली पडतात. इथे त्याचं काम संपलं. ते पाणी उचलून घराबाहेर टाकायचं काम ड्रेनचं. ड्रेन तुंबला तर ड्रायरच्या पोटात पाणी साचत जातं, आणि गार हवा ते उचलून पुढे नेते. रेफ्रिजरेशन ड्रायरमध्ये बाहेर जाणारी गार हवा आत येणाऱ्या गरम हवेजवळून जाते, तिथे ती पुन्हा तापते. उचललेलं पाणी तिथे अर्धंमुर्धं वाफ होऊन हवेत शिरतं, उरलेलं थेंबांच्या रूपात तसंच पुढे.

आणि डिस्प्लेवर काय दिसतं? बहुतेक साध्या ड्रायरवर तो आकडा गार करणाऱ्या भागाचं तापमान असतो. बाहेर पडलेल्या हवेचा खरा दवबिंदू तो मोजतच नाही. आतला भाग ३ अंशांवर आहे, म्हणून डिस्प्ले ३ दाखवतो. खोटं बोलत नाही, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. सर्व्हिसवाल्यांनी गॅस बघितला, आकडा बघितला आणि गेले. ड्रेनखाली बादली धरली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं.

अर्धवट_कॉक
आमच्याकडे एवढी भानगड नाही. रिसीव्हरखालचा कॉक केसभर उघडा ठेवतो. चोवीस तास थोडं थोडं पाणी गळत राहतं. ना टायमर, ना फ्लोट.

ऑडिटवाली
@अर्धवट_कॉक, तो केसभर कॉक काय खातो ते सांगते. २ मिमी भोकाएवढी फट धरा. ७ बारला त्यातून सेकंदाला ३.५ ते ४ लिटर मोकळी हवा जाते, म्हणजे मिनिटाला पाव घनमीटरच्या आसपास. ७ बारला मिनिटाला एक घनमीटर हवा बनवायला साधारण ६ ते ७ किलोवॉट लागतात. तुमचा कॉक दीड किलोवॉटचा हीटर आहे, रात्रंदिवस चालू.

तेही परवडलं असतं, जर पाणी खात्रीनं निघत असतं. गंजाचा एक पापुद्रा त्या फटीत येऊन बसला की गळती बंद, आणि ती बंद झाल्याचं कुणाला कळत नाही. मग कुणीतरी कॉक आणखी थोडा उघडतो, पापुद्रा उडतो, आणि कॉक पुन्हा मागे आणायचं राहून जातं. ऑडिटला गेले की मी आधी कॉम्प्रेसरकडे जात नाही. रिसीव्हरखाली वाकून ऐकते.

अर्धवट_कॉक
ताई, आयडी बदलावा लागणार बहुतेक.

ऑडिटवाली
:) राहू द्या, ओळख पटते.

यंत्रघर, तुमच्या टायमरबद्दलही बोलायचंय. टायमर म्हणजे आंधळा माणूस. पाणी असो नसो, वेळ झाली की दार उघडणार. दमट दिवसाला पुरेल असा लावला तर कोरड्या दिवशी हवा फुंकतो, कोरड्या दिवसाला लावला तर दमट दिवशी तुंबतो. त्यापेक्षा पातळी ओळखून उघडणारा झीरो-लॉस ड्रेन घ्या. पाणी ठरावीक उंचीला आलं की उघडतो आणि हवा निसटायच्या आत मिटतो.

जुना_फिटर
ताई, इथे थोडं भांडतो. टायमरला उगाच बदनाम करू नका. ४ मिमीच्या भोकातून ७ बारला सेकंदाला ०.३ लिटर पाणी सहज जातं. पाच सेकंदांत दीड लिटर. दाबमापकांच्या हिशोबानं तासाला ८.८ लिटर येतंय, म्हणजे दहा मिनिटांना तेवढंच, दीड लिटर. यांनी लावलेला टायमर अगदी बरोबर लावलाय. कोरड्या, गार दिवशी पाणी तिसऱ्या हिश्शावर येईल आणि उरलेले तीन-साडेतीन सेकंद हवा जाईल. एका वेळेला ५० लिटर, दिवसाला ७ घनमीटर. १० घनमीटरच्या कॉम्प्रेसरची पाऊण मिनिटाची हवा. त्यासाठी महागडा ड्रेन?

ऑडिटवाली
कागदावर तुमचं सगळं बरोबर. पण नॉब कागदावर राहत नाही ना काका. लाईनला पाणी आलं की पहिला माणूस धावत येऊन टायमर पिळतो. मी मिनिटाला १० सेकंद लावलेले टायमर बघितलेत. ते म्हणजे सरासरी सेकंदाला अडीच लिटर हवा, एक किलोवॉट कायमचा. असे आठ-नऊ ड्रेन असतात एका कॉम्प्रेसर-घरात. आणि सीटमध्ये कचरा अडकून सोलेनॉइड उघडाच राहिला तर सेकंदाला १५ लिटर, सहा किलोवॉटच्या आसपास. तुमच्या हिशोबातला टायमर सेट करून कुलूप लावलेला आहे. माझ्या हिशोबातला टायमर रात्रपाळीच्या हातात आहे.

जुना_फिटर
रात्रपाळीचं मान्य. मीही रात्रपाळीच केलीय. :)

पण यंत्रघरांचा मूळ रोग टायमर नाही. तो टी आहे. सेपरेटर आणि रिसीव्हर एकाच ड्रेनला? साहेब, रविवारी मशीन बंद कराल तेव्हा रिसीव्हरची तळाची बाजू हातानं चाचपा आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघा, खालून वर. कॉम्प्रेसर सुरू करताना पुन्हा हात लावा. हवेचा भाग लवकर तापतो, पाण्याचा भाग गारच राहतो. काय दिसतं ते लिहा.

आणि हो, काही उघडायच्या आधी दाब पूर्ण सोडा, व्हॉल्व्ह बंद करून टाळा मारा. दाबाखालचा ड्रेन उघडायला गेलेल्याचं बोट मी बघितलंय. बोट नसलेलं बोट.

यंत्रघर
मंडळी, रविवार झाला. बसून लिहितोय, हात अजून तेलकट आहेत.

रिसीव्हर ठोकला. वरच्या भागात टण्ण आवाज. कमरेच्या थोडं खाली आल्यावर आवाज एकदम मेला, भिंतीवर ठोकावं तसा. हेल्परला बोलावून पुन्हा ठोकायला लावलं, मला वाटलं माझेच कान गेलेत. दाब २ बारपर्यंत उतरवला, रिसीव्हरच्या तळाचा जुना हातकॉक शोधला. रंगानं बुजून गेला होता. त्याला जाड होज बांधून तोंड ड्रममध्ये घट्ट धरून उघडला.

आधी काहीच नाही. मग एक ढेकर, मग लालसर-तपकिरी चिखल, आणि मग पाणी. वीस मिनिटं झाली तरी पाणीच. २०० लिटरचे दोन ड्रम भरले, तिसरा सुरू केला. ४३० लिटर निघालं. हजार लिटरच्या टाकीत सहा महिने आम्ही साडेपाचशे लिटर हवा साठवत होतो! कॉम्प्रेसर सारखा लोड-अनलोड (हवा भरणं सुरू, बंद) का होतो म्हणून मागच्या महिन्यात प्रेशर स्विच बदलला होता, तेही आज समजलं.

मग ड्रायरचा ड्रेन खोलला. वाटीत फ्लोट आहे हे मला माहीत होतं म्हणून दिसला, नाहीतर नुसता मातकट लगदा. खालचं भोक पेन्सिलच्या शिशाएवढं, त्यात अर्ध्या नखाएवढा गंजाचा पापुद्रा आडवा बसलेला. चिमट्यानं काढला. पापुद्र्याची एक बाजू काळी, गुळगुळीत, दुसरी लाल. टाकीच्या आतल्या भिंतीवरून सुटून आलेला, दुसरं काय.

पण एक कोडं राहिलंच. रिसीव्हरमध्ये एवढं पाणी होतं आणि त्याच पाईपवरचा टायमर ड्रेन रोज पाणी थुंकत होता. मग टाकीतलं पाणी का नाही गेलं?

दाबमापक
कारण थुंकलेलं पाणी सेपरेटरचं होतं. रिसीव्हरचं त्यात जवळजवळ नव्हतंच.

सेपरेटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये पाईप आहे, बेंड आहेत, कदाचित नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारा) आहे. हवा वाहते तेव्हा तिथे दाब पडतो. समजा ०.१ बार. गेजवर तो दिसणारही नाही. पण तुम्ही दोघांचे ड्रेन टी मारून जोडलेत, म्हणजे त्या टीमध्ये सेपरेटरचा जास्त दाब आला. रिसीव्हरचं पाणी टीपर्यंत यायचं तर त्याला हा दाब पार करायला हवा. ०.१ बार म्हणजे पाण्याचा एक मीटर उंच खांब. टाकीत पाणी वाढत वाढत एक मीटरच्या आसपास पोचेपर्यंत ते खाली उतरूच शकत नाही. उलट सेपरेटरची हवा त्या पाईपातून रिसीव्हरमध्ये घुसते आणि पाण्यातून बुडबुडे काढत वर येते.

तुमची टाकी साधारण ८० सेंटीमीटर व्यासाची असेल. म्हणजे मीटरभर उंचीला ५०० लिटर. तुमचे ४३० त्यात बसतात. हवा आत यायचं तोंड खालच्या अंगाला असेल तर तेही बुडलं असणार, आणि मग सगळी हवा पाणी घुसळत वर गेली. ड्रायरला जे गेलं ती ओली हवा नव्हतीच, फवारा होता. त्यातून गंज.

दाब वेगळा असलेल्या दोन जागा एका ड्रेनला जोडायच्या नाहीत. एक जागा, एक ड्रेन. ड्रेनच्या पुढचे, म्हणजे बाहेर जाणारे पाईप एकत्र केले तर चालतात, पण हेडर (फांद्या जोडलेला मुख्य पाईप) मोठा हवा, उतार हवा, प्रत्येक फांदी वरून उतरलेली हवी आणि फांदीला नॉन-रिटर्न हवा. नाहीतर एक ड्रेन उघडला की शेजारच्याच्या तोंडात पाणी.

यंत्रघर
साष्टांग नमस्कार. हे जोडणाऱ्या कंत्राटदारानं "एका ड्रेनमध्ये दोघांचं काम" म्हणून बचत दाखवली होती. मीच सही केली होती.

आता तीन वेगळे ड्रेन घेतोय. सेपरेटरला आणि रिसीव्हरला झीरो-लॉस, ड्रायरलाही तोच. बसवताना काय सांभाळू? आणि ड्रमातलं हे सव्वादोन ड्रम घाण पाणी गटारात सोडू का?

पाण्याचा_हिशोब
गटारात बिलकुल नको! ते पाणी नाही, तेल मिसळलेला कचरा आहे. ऑइल-इंजेक्टेड कॉम्प्रेसरच्या कंडेन्सेटमध्ये तेल येतंच, शिवाय ते थोडं आम्लधर्मी असतं. आधी ऑइल-वॉटर सेपरेटरमधून न्या आणि तुमच्या जागेच्या सांडपाणी मर्यादेत बसतंय का ते तपासून मगच सोडा. सव्वादोन ड्रम चिखलासकट असतील तर घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्या.

ड्रमात ते आज कसं दिसतंय? वर तेलाचा थर सुटा झालाय की सगळं दुधाळ आहे?

यंत्रघर
वर थर आहे, खाली मळकट पण पारदर्शक.

पाण्याचा_हिशोब
नशीबवान आहात. दुधाळ झालं असतं तर साधा सेपरेटर त्याला हात लावत नाही, ते इमल्शन फोडायला वेगळी प्रक्रिया लागते. टायमर आणि अर्धे उघडे कॉक (नाव घेत नाही) ७ बारच्या हवेबरोबर तेलपाणी फटीतून सपकन मारतात आणि त्याचं दूध करतात. झीरो-लॉसचा एक फायदा कुणी सांगत नाही तो हाच. तो पाणी तुलनेनं शांतपणे सोडतो, तेल वर तरंगायला मोकळं राहतं.

शिफ्ट_बी
धाग्यात थोडं घुसतो. आमच्या स्क्रूचं तेलच दुधाळ होतंय, ड्रेन सगळे चालू आहेत. हेही कंडेन्सेटच का?

दाबमापक
हो, पण ते ड्रेननं सुटणार नाही. तुमची हवा ३० अंश, ७० टक्के असेल तर ८ बारला दाबल्यावर तिचा दवबिंदू ६४ अंशांच्या आसपास जातो. मशीन कमी लोडवर, थांबत-चालत असेल आणि तेल त्याखाली राहत असेल तर पाणी ऑइल टँकमध्येच पडतं. तेलाचं तापमान बघा, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय का बघा. गार मशीन सुरू करायच्या आधी, दाब शून्य असताना, टँकच्या तळाचं पाणी काढा. तेल दिसू लागलं की बंद. बाकीसाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

ऑडिटवाली
यंत्रघर, बसवण्याबद्दल. झीरो-लॉस घेतला म्हणजे सुटलात असं नाही. ड्रेन बदनाम होतो आणि गुन्हेगार पाईप असतो.

पाणी ड्रेनमध्ये स्वतःच्या वजनानं उतरतं, हवा त्याला ढकलत नाही. कारण ड्रेनमध्येही तोच ७ बारचा दाब असतो. बंद बाटलीत नरसाळं घट्ट बसवून पाणी ओता, गटगट करून अडतं. तसंच इथे. पाणी आत यायचं तर आतली हवा बाहेर जायला वाट हवी. पाईप अर्ध्या इंचाखाली नको, सलग उतरता हवा, कुठेही कमान नको, लोंबतं पोट नको, व्हॉल्व्ह फुल-बोअर (पाईपाएवढंच भोक असलेला) हवा. एवढं करूनही पाणी अडखळत असेल तर ड्रेनच्या डोक्यावरून एक बारीक बॅलन्स लाईन त्याच टाकीच्या वरच्या भागात, पाण्याच्या पातळीच्या वर, परत न्या. दुसऱ्या कुठल्या भांड्यात नाही, नाहीतर तुमचा टी पुन्हा नव्या वेषात.

तुमचा रिसीव्हर जमिनीला किती जवळ आहे?

यंत्रघर
पाय आखूड आहेत. तळाच्या तोंडापासून फरशी वीतभर. आत्ताचा पाईप तळातून निघून फाउंडेशनच्या कडेवरून वर चढतो आणि मग उतरतो. म्हणजे तुम्ही सांगितलेली कमानच!

जुना_फिटर
मग टी नसता तरी तो अडखळलाच असता. दोन रोग एकावर एक. कमी उंचीत, आडव्या तोंडातून आत घेणारे बुटके ड्रेन मिळतात, तो घ्या, नाहीतर टाकीखाली चार इंचाचे पॅड घाला. फाउंडेशनला खाच मारायला घाबरू नका, पण पाईप वर चढवू नका. ड्रेनच्या आधी गाळणी, आणि ती साफ करता येईल अशा जागी. जुनी टाकी गंज सोडतच राहणार, पहिले दोन महिने गाळणी आठवड्याला काढा. आणि तो काढून ठेवलेला प्री-फिल्टर आधी परत बसवा, मग बाकीचं.

बाहेरचा पाईप छताकडे चढवून न्यायचा असेल तर दर मीटरला ०.१ बार मोजा आणि नॉन-रिटर्न लावा. तिथे वर चढलेलं चालतं, कारण तिथे मागून दाब ढकलतो. आत उतरतं, बाहेर चढतं. लोक नेमकं उलटं लक्षात ठेवतात.

ऑडिटवाली
आणि कुणी ऑइल-फ्री कॉम्प्रेसरवाले वाचत असतील तर: तुमच्या कंडेन्सेटमध्ये तेलाचं अस्तर नसतं, ते धातू जास्त खातं. साध्या ॲल्युमिनियमच्या बॉडीचा ड्रेन घेऊ नका. स्टेनलेस किंवा त्यासाठी खास लेप दिलेला घ्या.

नवखा_ऑपरेटर
झीरो-लॉसवर टेस्टचं बटण असतं. ते दाबून नुसती हवा आली तर ड्रेन चांगला समजायचा ना? म्हणजे पाणी साचलेलं नाही?

ऑडिटवाली
दोन अर्थ होतात. एक, आत्ताच रिकामा झालाय. दोन, पाणी ड्रेनपर्यंत पोचतच नाहीये. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा दाबा. कॉम्प्रेसर लोडवर आहे, दिवस दमट आहे, आणि तरी पाण्याचा थेंब नाही, तर पाईपात हवा अडकलीय किंवा गाळणी भरलीय. बटण फक्त व्हॉल्व्ह उघडतो की नाही एवढंच सांगतं. म्हणून टाकीच्या तळाला एक वेगळा हातकॉक ठेवायचा, रंग न मारलेला. आठवड्यातून एकदा तो उघडायचा. ड्रेन चालू असेल तर तिथून चमचाभर पाणी आणि मग हवा. धार लागली तर ड्रेन खोटं बोलतोय.

अलार्मची वायर जोडायला विसरू नका. बहुतेक इलेक्ट्रॉनिक ड्रेनवर ती सोय असते आणि बहुतेक ठिकाणी ती लोंबत असते. वर्षाला डायफ्रामचं किट बदला, सेन्सरवरचा लगदा पुसा.

यंत्रघर
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय.

टी कापला. तिन्ही ड्रेन वेगळे, रिसीव्हरखाली पॅड घातले, बॅलन्स लाईन टाकली, प्री-फिल्टर परत जागेवर. ड्रायरच्या ड्रेनखाली एक तास बादली धरली, काकांनी सांगितल्याप्रमाणे: सव्वातीन लिटर. दाबमापकांचा आकडा ३.६ होता, त्या दिवशी ड्रायरमध्ये शिरणारी हवा ४० पेक्षा जरा गार होती. कॉम्प्रेसरचं लोड-अनलोडही निवांत झालं. जुना प्रेशर स्विच फुकट बदलला.

ए लाईन कोरडी. बी लाईनच्या टोकाला मात्र अजून पाणी निघतंय, काल पाव लिटर. पूर्वी रोज दोन-तीन लिटर असायचं.

जुना_फिटर
ते जुनं साठलेलं आहे. बी लाईन कुठेतरी मध्ये झोळीसारखी लोंबत असणार. सपोर्ट सुटलेत का बघा. हवेच्या दिशेनं शंभराला एक उतार, फांद्या हेडरच्या वरून काढून खाली वळवलेल्या, आणि टोकाला हेडरच्याच मापाचा ड्रिप लेग (पाणी साठायला खाली सोडलेला पाईपाचा तुकडा).

यंत्रघर
बघून आलो. तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधला क्लॅम्प गायब आहे, पाईप चार बोटं खाली आलाय. आणि पॅकिंगची फांदी हेडरच्या पोटातून काढलीय, म्हणजे झोळीतलं सगळं पाणी थेट त्याच मशीनला जात होतं. येत्या रविवारी ती फांदी वरून काढतोय. ड्रिप लेगला कुठला ड्रेन लावू, ते तेवढं सांगा.

जुना_फिटर
तिथे आता थेंब-थेंबच येणार. साधा फ्लोट पुरे, खाली हातकॉक ठेवा. रंगारी आला की त्यावर कागद बांधा.